दुसऱ्या पुड्याचे पैसे कोण देतं?

सुपरमार्केटात ‘एकावर एक फ्री’च्या मांडणीसमोर उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, यात फायदा कोणाचा? उत्तर येतं, ‘आपला, अजून कोणाचा?’ बिलाच्या रांगेत चार पावलं पुढे सरकल्यावर तोच माणूस म्हणतो, ‘तसं हे लोक काही उगाच देत नाहीत हो.’ ही दोन्ही मतं एकाच डोक्यात गुण्यागोविंदाने नांदतात. माझ्याही.

पूर्वी फुकट मिळायचं ते वेगळं असायचं. चहाच्या मोठ्या पुड्यात स्टीलचा चमचा, धुण्याच्या पावडरीबरोबर बादली, लहान मुलांच्या पौष्टिक पेयाबरोबर मग. ती बादली वर्षानुवर्षं न्हाणीघरात असायची आणि बादली मिळाली म्हणून कोणी दुप्पट कपडे धुतले नाहीत. आता मिळते ती तीच वस्तू, दुसऱ्यांदा. बिस्किटावर बिस्किट, साबणावर साबण, टोमॅटो सॉसवर टोमॅटो सॉस. एवढा सॉस खाणारं घर मी अजून पाहिलेलं नाही.

हिशेब साधा आहे. एकावर एक म्हणजे निम्मा भाव. दोनवर एक म्हणजे तेहतीस टक्के सूट, तीनवर एक म्हणजे पंचवीस टक्के. साबणावर ‘पंचवीस टक्के सूट’ लिहिलं असतं तर मी एक वडी घेऊन बाहेर पडले असते. ‘तीनवर एक’ लिहिलं की ती सूट मिळवायला चार वड्या उचलाव्या लागतात. सूट तीच, पण ती माझ्या गरजेला न मिळता माझ्या कपाटाला मिळते. सगळी खुबी इथे आहे.

साबण, फिनेल, दातांची पेस्ट, भांड्यांचा बार यांचं मी काही मनाला लावून घेत नाही. हे कुजत नाही आणि घरात साबण जास्त आहे म्हणून कोणी दिवसातून तीनदा आंघोळ करत नाही. आज चार घेतले तर पुढचे तीन महिने घेणार नाही, बस. अशा वस्तूंवर ग्राहकाचा खरा फायदा होतो. उगाच सगळ्याच ऑफरना फसवणूक म्हणायचं, हा आपल्याकडच्या काही शहाण्यांचा आवडता सूर मला पटत नाही. पण बिस्किटं, फरसाण, चॉकलेट, थंड पेयं यांचं गणित निराळं. ती घरात जास्त असली की जास्तच संपतात. तिसऱ्या दिवशी दुसरा पुडा फुटलेला असतो आणि ‘फुकटचा तर होता’ हे त्याचं समर्थन तयार असतं.

आणि काही ऑफर निव्वळ गोदाम रिकामं करायला असतात. एका दुकानात क्रीमच्या बिस्किटांचे दोन पुडे पारदर्शक चिकटपट्टीने एकमेकांना बांधून ठेवलेले दिसले. पट्टी नेमकी तारखेवरून गेलेली. नखाने कडा उचलून पाहिलं तर पॅकिंग साडेचार महिन्यांपूर्वीचं आणि खाली बारीक अक्षरात ‘पॅकिंगपासून सहा महिन्यांच्या आत वापरावे’. म्हणजे दुकानाला दीड महिन्यात जे फेकावं लागलं असतं, ते माझ्या घरी येऊन जुनं होणार होतं. यात बेकायदा काही नाही. दीड महिन्यात चार जणांचं घर दोन पुडे सहज संपवतं. फक्त त्या मांडणीवर ‘तुमच्यासाठी खास’ असं लिहिलं होतं, त्याची गंमत वाटली.

किमतीचं कोडं वेगळंच. आपल्याकडे पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि त्याहून जास्त पैसे कोणी घेऊ शकत नाही. पण बहुतेक मालावर ती किती छापायची हे कंपनीच ठरवते. एखाद्या वस्तूवर बारा महिने तेरा काळ ऑफर असेल तर तिची छापील किंमत ही किंमत नव्हेच, ती ऑफर मोठी दिसण्यासाठी घेतलेली उंची आहे. ग्राहकाला भावांची तुलना सोपी जावी म्हणून २०२१ साली वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांत दुरुस्ती झाली आणि त्यानंतर पाकिटावर ‘युनिट सेल प्राइस’ छापणं सक्तीचं झालं. एक किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा भाव, त्यावरच्या पाकिटावर किलोचा. चांगला नियम आहे. फक्त हा भाव निघतो छापील किमतीवरून. ऑफरनंतर ग्रॅमला काय पडलं, ते आपणच मांडणीपुढे उभं राहून मोबाइलवर काढायचं, मागून कोणाची तरी ट्रॉली टाचेला लागत असताना.

‘जास्त घेतलं की स्वस्त पडतं’ हा आपल्या सगळ्या गृहशास्त्राचा पाया. पण किराणा दुकानाच्या दारात तोरणासारख्या लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्या तो पाया हलवतात. १९८०च्या दशकात तमिळनाडूतल्या छोट्या उद्योजकांनी ही पुडी घरोघरी पोचवली आणि मग बड्या कंपन्यांना तिच्यामागे यावं लागलं. आजही रुपया-दोन रुपयांच्या पुडीतला शाम्पू मिलिलिटरमागे त्याच शाम्पूच्या बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्त पडतो. विश्वास नसेल तर दोन्हींवरचे आकडे भागून पाहा. कारण असं, की पुडीचं गिऱ्हाईक नाण्यात मोजतं. पुडी रुपयाची दोन रुपयांना झाली की ते सरळ दुसरा ब्रँड उचलतं. बाटलीचं गिऱ्हाईक म्हणजे मी. मला बाटली दहा रुपयांनी महागलेली कळतही नाही आणि मग त्याच बाटलीवर ‘दुसरी बाटली निम्म्या किमतीत’ असं लिहिलं की मी खूश. भाव माझ्या खरेदीच्या आकाराकडे बघून ठरत नाही. मी किती सहज निघून जाईन, हे बघून ठरतो.

तेल-डाळींच्या बाबतीत मात्र उलटं होतं. पाच लिटरच्या डब्यावर सूट असते, सुट्या पाव लिटरवर नसते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, ‘ताई, ते फुकटचं घ्यायलासुद्धा आधी पैसे लागतात ना.’ पैसे लागतात, ठेवायला जागा लागते, दह्याच्या दोन डब्यांसाठी फ्रिज लागतो, एवढं ओझं घरी न्यायला रिक्षा लागते. ज्याच्याकडे हे सगळं आहे त्यालाच सूट मिळते. मला वाटतं, ऑफरविषयीच्या चर्चेत सगळ्यात कमी बोललं जातं ते हेच.

आता पलीकडच्या बाजूला येऊ. एकावर एक ही काही सुपरमार्केटने लावलेली नवी युक्ती नव्हे. किराण्याच्या धंद्यात तिला ‘स्कीम’ म्हणतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आमच्या गल्लीतले शेठ सेल्समन आला की पहिला प्रश्न तोच करतात, ‘स्कीम काय?’ बारावर एक, चोवीसवर तीन, असं काहीबाही ठरतं. बारावर मिळालेला तेरावा पुडा शेठ पूर्ण किमतीला विकतात, तीच त्यांची कमाई. गिऱ्हाइकाला त्या तेराव्याची खबरही नसते. सुपरमार्केटने काय केलं, तर तो तेरावा पुडा गल्ल्यामागून उचलून मांडणीवर आणून ठेवला आणि त्याची पाटी केली. या अर्थाने ग्राहकाला पूर्वी न मिळणारं काहीतरी मिळू लागलं, हे कबूल करायला हवं. शेठ मात्र कातावतात. ‘माझ्या खरेदीच्या भावाला ते विकतात,’ हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. २०२२च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही बड्या कंपन्यांचा ठरावीक माल उचलणं थांबवलं होतं, तेव्हाही कुरबूर हीच होती. मोठ्या साखळ्यांना आणि ऑनलाइन घाऊकवाल्यांना एक भाव, आम्हाला दुसरा.

बड्या कंपन्यांना या सगळ्याचं फारसं काही वाटत नाही. त्यांचा कारखाना चालूच असतो, एक जादा वडी पाडायला जो खर्च येतो तो छापील किमतीच्या मानाने किरकोळ असतो आणि त्या महिन्याचा जाहिरातीचा खर्च म्हणून तो खपवता येतो. शिवाय माझ्या कपाटात त्यांच्या चार वड्या पडल्या की पुढचे तीन महिने प्रतिस्पर्ध्याची वडी माझ्या घरात येत नाही. त्यांना विक्रीपेक्षा ते कपाट हवं असतं.

ज्यांचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड असते, त्यांचं काय?

माझी मावसबहीण सांगलीला भाजणी, मेतकूट आणि दोन-तीन मसाले करते. हाताखाली पाच बायका आहेत, एक भाजणीचं यंत्र आहे आणि एक जुनं पाकीट सील करायचं मशीन, जे दिवाळीच्या तोंडावर हमखास बिघडतं. तिचा माल एका साखळी दुकानात लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. वर्षभरात तिकडून फोन आला, ‘मॅडम, फेस्टिव्हलला तुमच्या भाजणीवर बाय वन गेट वन टाकतोय. मेल केलाय, कन्फर्म करा.’ विचारणा नव्हती ती, सूचना होती.

आकडे तिने मला वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवले. गोल करून सांगते. पाव किलोच्या पाकिटाची छापील किंमत १२० रुपये. दुकानाचं मार्जिन तीस टक्के, म्हणजे ३६ रुपये. तिच्या हातात ८४. ज्वारी-बाजरी, डाळी, धणे, गॅस, मजुरी, पाकीट, लेबल आणि टेंपो धरून खर्च ५५. सुटतात २९. आता एकावर एक लावलं, तर गिऱ्हाईक १२० देऊन दोन पाकिटं नेणार. दुकान आपले ३६ घेणारच. तिला मिळणार तेच ८४, पण दोन पाकिटांचे आणि खर्च ११०. प्रत्येक जोडीमागे २६ रुपये घरातून जाणार. तीनशे जोड्या खपल्या की ७,८०० रुपये गेले.

‘पण ओळख तर होईल ना मालाची,’ मी म्हणाले. नव्या ब्रँडसाठी ऑफर म्हणजे जाहिरात, असं सगळीकडे सांगतात तेच मी सांगितलं.

‘ओळख होईल गं ताई,’ ती म्हणाली, ‘पण अर्धा किलो भाजणी घरात पडल्यावर ते घर पुन्हा दुकानात कधी येणार? थालीपीठ काय रोज लावतात का लोक?’

तसंच झालं. त्या महिन्यात खप दणदणीत, पुढच्या दोन महिन्यांत शुकशुकाट. दुकानाने खप बघून मोठी ऑर्डर दिली होती, त्यातला न खपलेला माल तारीख जवळ आल्यावर परत आला आणि त्याबरोबर एक डेबिट नोट, म्हणजे तिच्या येण्यातून तेवढे पैसे कापल्याची चिठ्ठी, परतीच्या वाहतुकीसकट. सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच होती. तिच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई दसऱ्याच्या प्रदर्शनात तिच्या स्टॉलवर येऊन म्हणाल्या, ‘दुकानात दोन मिळतात या पैशात. तुम्ही स्वतः बनवता आणि महाग विकता?’ साठ रुपये हीच आता त्या भाजणीची खरी किंमत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. १२० म्हणजे लूट.

भाजीवाली शेवटी चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या काड्या पिशवीत टाकते, तेही फुकटच असतं. पण ते ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने टाकते आणि कोथिंबीर शंभर रुपये जुडी झाली की सरळ नाही म्हणते. माझ्या बहिणीच्या पाकिटावर दुसरं पाकीट तिसऱ्याच कोणीतरी ठेवलं आणि त्या औदार्याचं नाव दुकानाला मिळालं.

कायदा काय म्हणतो? जीएसटीने तर या फुकटाचा निकालच लावलाय. ७ मार्च २०१९च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं की ‘एकावर एक मोफत’ म्हणजे एक वस्तू विकली आणि दुसरी दान दिली असं नव्हे. दोन वस्तू एका किमतीला विकल्या, असं धरायचं. सरकारच्या लेखी दुसरा पुडा फुकट नाहीच, आणि त्यामुळेच त्यावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या कराची वजावट, तीही बुडत नाही. पुरवठादाराचे पैसे थकण्याबाबत सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे आणि १ एप्रिल २०२४पासून प्राप्तिकरातही त्याला दात बसवले. वेळेत पैसे दिले नाहीत तर दुकानाला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. बहिणीचा अनुभव असा की या तरतुदीनंतर मार्च महिन्यात पैसे आश्चर्यकारकरीत्या वेळेवर येऊ लागले. पण ऑफरचा भार कोणी किती उचलायचा, यावर किराण्याच्या पुरवठादारासाठी आपल्याकडे खास अशी आचारसंहिता नाही.

ब्रिटनमध्ये आहे. तिथे मोजक्या मोठ्या साखळ्यांनी सगळा किराणा व्यापून टाकल्यामुळे पुरवठादारांची कोंडी लवकर चव्हाट्यावर आली. २०१०पासून लागू असलेल्या संहितेनुसार दुकानाला ऑफरचा बहुतांश खर्च पुरवठादारावर ढकलता येत नाही. २०१३मध्ये त्यासाठी खास लवाद नेमला गेला आणि २०१६च्या जानेवारीत त्याने टेस्कोसारख्या बलाढ्य साखळीला पुरवठादारांचे पैसे अडकवून ठेवल्याबद्दल दोषी ठरवलं. त्याच टेस्कोने २०१३मध्ये स्वतःहून जाहीर केलं होतं की पिशवीबंद सॅलडपैकी ६८ टक्के कचऱ्यात जातं, त्यातला मोठा वाटा गिऱ्हाइकांच्या घरातून. त्यानंतर त्यांनी मोठ्या पिशव्यांवरच्या अशा ऑफर बंद केल्या. सेन्सबरीज या तिथल्याच दुसऱ्या साखळीने २०१६मध्ये बहुतेक ‘जास्त घ्या’ ऑफर काढून सरळ भाव कमी ठेवायचं ठरवलं. आणि १ ऑक्टोबर २०२५पासून इंग्लंडमध्ये जादा साखर-मीठ-चरबीच्या ठरावीक पदार्थांवर मध्यम आणि मोठ्या विक्रेत्यांना एकावर एक द्यायलाच बंदी आली. माझी एक मैत्रीण लंडनजवळ स्लाऊला राहते. तिला विचारलं काय फरक पडला, तर म्हणाली, ‘आता एकच पुडा घेते आणि भाव वाढला म्हणून सरकारला शिव्या देते.’ हेही खरंच.

आपल्याकडे दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. बिग बझारने २६ जानेवारी २००६ला ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा गर्दी इतकी उसळली की काही दुकानांची शटर्स ओढावी लागली. ती साखळी पुढे बुडाली ती कर्जाने आणि कोविडच्या टाळेबंदीने. त्याचं खापर ऑफरवर फोडणं बरोबर नाही. दुसरी वाट डीमार्टची. २००२मध्ये पवईला पहिलं दुकान काढल्यापासून त्यांचा भर उत्सवी धमाक्यावर कमी आणि रोजच्या कमी भावावर जास्त आहे. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीच्या, पुरवठादाराला पैसे झटपट आणि त्याच्या बदल्यात भाव पाडून. पुरवठादाराला तिथेही घासाघीस चुकत नाही. पण निदान आज दुप्पट आणि उद्या शून्य, असा झोका तरी बसत नाही.

तिसरी वाट मुंबईकरांना माहीत असते, पण या चर्चेत तिचं नाव कोणी काढत नाही. मुंबई ग्राहक पंचायत, १९७५ची. शेजारपाजारच्या काही घरांचा मिळून एक संघ, घरोघरच्या महिन्याच्या याद्या गोळा करायच्या, सगळ्यांची मिळून घाऊक खरेदी आणि मग ठरल्या दिवशी कोणाच्या तरी घरात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली वाटप. लहानपणी आत्याकडे गेले की हॉलभर तूरडाळीच्या पिशव्या मांडलेल्या असायच्या आणि मधोमध यादी घेऊन बसलेल्या काकू एका घराचा साबण दुसऱ्या घरात गेला म्हणून जीव काढत असायच्या. मोठ्या खरेदीची सूट तिथेही मिळायची. फरक एवढाच, की एका घराने दोन घरांचा माल उचलायचा नव्हता. अनेक घरांनी मिळून एक गिऱ्हाईक व्हायचं होतं. पाव किलो रवा हवा असेल त्यालाही तो पोत्याच्या भावात.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आता कधीकधी त्याची लहानशी आवृत्ती निघते. ‘तेलावर दोनवर एक आहे, मी घेतेय, दोन पिशव्या कोणाला हव्यात का?’ पाच मिनिटांत तिघी हात वर करतात. दुकानाला हे चालतं की नाही कोण जाणे, पण बिल तर एकच होतं.

यंदाच्या दिवाळीआधी बहिणीला दुकानाचा पुन्हा फोन आला. या वेळी तिने भाजणीवर भाजणी द्यायला साफ नकार दिला. त्याऐवजी प्रत्येक पाकिटाला मेतकुटाची पंचवीस ग्रॅमची पुडी चिकटवून देते म्हणाली. पुडीला तिला पाच-सहा रुपये पडतात, भाजणीची किंमत पडत नाही आणि ज्याला मेतकूट आवडेल तो पुढच्या वेळी ते विकत घेईल. तिकडच्या साहेबांना कल्पना पटली आहे. फक्त पुड्या चिकटवायच्या कोणी, त्यांच्या गोदामातल्या माणसांनी की हिच्या बायकांनी, आणि चिकटपट्टीचे पैसे कोणाच्या खात्यावर, यावर मेलामेली चालू आहे. तिने त्यांना कळवलंय की पट्टी तिच्याकडून, पण तारखेवर लावायची नाही.